मोठीचा होकार

गाठ सुटत नव्हती. धाकटीच्या डाव्या बुटाची, दुहेरी, वर आणखी एक फास देऊन करकचून आवळलेली — नख लावलं तर नखच मुडपत होतं. धाकटी खुर्चीवर बसून कुरकुरत होती, बूट चावतोय, चावतोय. आणि मोठी दाराशी पाठ टेकून बघत होती. सकाळी हेच बूट हिनं, या दोघींना दत्तक न्यायला आलेल्या बाईनं, अगदी बेताचे बांधले होते. तोंड धुऊन येईपर्यंत मोठीनं ते सोडून पुन्हा बांधले होते. रोजचंच. हिनं घातलेली वेणी सोडायची, हिनं भरवलेला घास धाकटीच्या तोंडात जाण्याआधी हुंगून बघायचा... एकदा धाकटीच्या तोंडून चुकून ‘आई’ निघालं, तर हवालदारानं तिच्या तोंडावर हातच दाबला. हवालदार — मोठीचं हे नाव हिनं मनातल्या मनात ठेवलं होतं. मोठी पुढे आली, वाकली, दोरीचं एक टोक ओढलं आणि गाठ मोकळी झाली. मग तिनं हिच्याकडे पाहिलं. दहा वर्षांच्या मुलीनं असं पाहू नये.

थोबाडीत द्यावीशी वाटते मला. खरंच वाटते. इतक्या लांब येऊन, परक्या देशात, लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत सात आठवडे साबणाच्या वाफेचा वास घेत मी काय करतेय, तर एका कार्टीच्या परवानगीनं दुसरीचे बूट बांधतेय!

कचेरीवाले चार आठवडे म्हणाले होते. चार आठवड्यांत शिक्का, मग विमान. नवऱ्याची रजा संपली तसा तो परत गेला, जाताना म्हणाला, “तू आहेस ना इथे, मग मला काळजी नाही.” हे वाक्य तो लग्न झाल्यापासून म्हणत आलाय, गॅसचं सिलिंडर असो की सासऱ्यांचं ऑपरेशन. आणि सासूबाई फोनवर — “धाकटीचं काही नाही गं, ती लळा लावेल. मोठीचं मात्र बघ. दुसऱ्याच्या अंगणात वाढलेला वेल आपल्या मांडवावर चढत नसतो.” तेव्हा हिला सासूबाईंचा राग आला होता. आता येत नव्हता, याचाच राग यायचा.

बसमध्ये दोघी बहिणी एका बाकावर बसल्या, ही मागच्या. नेहमीप्रमाणे.

कचेरीत दुभाषीबाई आधीच येऊन थांबली होती. तीस वर्षांपूर्वी लग्न करून इकडे आलेली. आपली भाषा तिच्या तोंडात जुन्या साडीसारखी झाली होती, घडी पडलेली तिथेच विरलेली. “आज जरा वेगळं काम आहे,” ती म्हणाली. जमिनीला बोल्ट मारून बसवलेल्या खुर्च्या, धूळ बसलेलं प्लॅस्टिकचं झाड, काचेमागे बोटाला रबरी टोपी चढवून कागद उलटणारा तोच कारकून, ज्यानं तीन आठवडे हिची फाइल भलत्याच कपाटात ठेवली होती आणि सापडल्यावर जणू हिचंच काही चुकलं असावं तशी मान हलवली होती.

“गुरुवारी मोठीला दहा पूर्ण झाली,” दुभाषीबाई म्हणाली.

“हो. केक आणला होता मी.” मोठीनं तो खाल्ला नव्हता.

“केकचं नाही हो. दहा पूर्ण झाली की मुलाला स्वतःला विचारावं लागतं, इथला कायदा आहे. गेल्या महिन्यात काम झालं असतं, तर कुणी विचारलं नसतं.”

हिनं काचेकडे पाहिलं. रबरी टोपी शांतपणे कागद उलटत होती. म्हणजे मी मेणबत्त्या लावून, टाळ्या वाजवून... छान. फारच छान.

आत टेबलापलीकडे अधिकारीबाई होती, साखळीनं गळ्यात चष्मा अडकवलेली. तिनं धाकटीला रंगीत खडू दिले आणि मोठीला एक प्रश्न विचारला. छोटासाच. मोठी मात्र बराच वेळ बोलली, अडखळली नाही, टेबलाच्या कडेवर बोट फिरवत बोलत राहिली. सात आठवड्यांत हिनं तिचं एवढं बोलणं ऐकलं नव्हतं. तिचा आवाज इतका घोगरा आहे हेही हिला आज कळलं.

दुभाषीबाई पर्सची चेन उघडमीट करायला लागली.

“काय म्हणाली?”

“नको म्हणते.”

“एवढं सगळं बोलली ती. पूर्ण सांगा.”

“कशाला उगाच मनाला लावून घ्यायचं—”

“सांगा.”

“म्हणते, ही बाई धाकटीला न्यायला आलीय. मी तिच्याबरोबरचं सामान आहे.”

खोटं कुठे होतं? ‘एक मूल, पाच वर्षांच्या आतलं’ — अर्जात हिनंच स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, अक्षर चांगलं म्हणून. संस्थेचं उत्तर आलं, बहिणी आहेत, सुट्या देत नाही. चार दिवस घरात कुणी त्यावर बोललंच नाही; पाचव्या दिवशी भाजी चिरता चिरता नवरा म्हणाला, “घेऊ ना दोघी. मोठी हाताशी येईल तुला.” हाताशी. आणि आपण त्यावर काय म्हणालो होतो? आपण म्हणालो होतो, कांदा बारीक चिर.

पण हे या पोरीला कसं कळलं? कुणी सांगितलं? की पहिल्याच दिवशी, मी दाराशी वाकून हात पसरले ते धाकटीच्या उंचीवर, तेव्हाच...

अधिकारीबाई आता हिच्याशी बोलत होती, हळू, समजावून. दुभाषीबाई तिच्या मागोमाग चालली होती. “मोठीनं स्वतःच नकार दिला, तर दोघी एकत्रच द्यायची अट राहत नाही. फाइल वेगळी करता येते. धाकटीचे कागद आजच होतील. शुक्रवारी निघाल तुम्ही.” मग, आवाज खाली आणून, स्वतःचं म्हणून — “मी बोलू नये, पण सोपं होईल बघा.”

शुक्रवार. खिडकीजवळची जागा, मांडीवर धाकटी, केसांना हिच्या हातची वेणी, कुणी न सोडलेली. घास हुंगून बघणारं कुणी नाही. हिच्या छातीत काहीतरी एकदम मोकळं झालं, इतकं गोड, इतकं निर्लज्ज, की ते चेहऱ्यावर आलं असणारच. धाकटी मान खाली घालून कागदावर हिरवं काहीतरी गिरवत होती. खोलीत घड्याळ होतं. ते चालत होतं.

मोठी हिच्याकडे बघत होती. गयावया नव्हती त्या नजरेत, रडू तर नव्हतंच. पैज जिंकत आलेला माणूस बघतो तसं ती बघत होती. बघ, मी म्हणाले नव्हते?

“दोघी,” ही म्हणाली.

मोठ्यानं म्हणाली, जरा किंचाळलीच. माया म्हणून नव्हे. त्या पोरीला जिंकू द्यायचं नव्हतं म्हणून. पुन्हा एकदा, त्यांच्या भाषेत — तो शब्द हिला येत होता. दोघी. नाहीतर कुणीच नाही.

अधिकारीबाईनं चष्मा डोळ्यांवर चढवला, काहीतरी लिहिलं. आठ दिवसांनी पुन्हा विचारू. तेव्हाही नाही म्हणाली, तर फाइल बंद.

दुपारी नवऱ्याचा फोन आला. “झालं का?”

“मोठी नको म्हणाली.”

“अगं, म्हणजे? तिला काय कळतंय? तू काय म्हणालीस?”

“दोघी म्हटलं.”

“लगेच म्हटलंस ना?”

हिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. “लगेच म्हटलं.”

खालून लाँड्रीचं मशीन घरघरत होतं, जमीन बारीक थरथरत होती. धाकटी आतल्या खोलीत झोपली होती. फोन ठेवून ही वळली, तर स्वयंपाकघराच्या दारात मोठी. तिला फोनवरचं काही समजलेलं नव्हतं, समजणं शक्यच नव्हतं. तरी हिचे कान तापले. कचेरीतली ती शांतता या घरात फक्त दोघींना माहीत होती. ती किती लांब होती, ते त्या पोरीला सेकंदासकट माहीत होतं.

“का?” मोठीनं विचारलं. तिच्या भाषेत. दोघींत मिळून जेमतेम पन्नास शब्द होते, त्यातला हा एक.

बरीच उत्तरं होती. अर्जात शोभतील अशी. हिनं त्यातलं एक उचललं, जिभेवर घेतलं, आणि ते बेचव लागलं. “माहीत नाही,” ही म्हणाली. मग आपल्या भाषेत, कुणासाठी नाही, असंच — “तुझा राग आला होता मला. अजून आहे.”

मोठीनं ऐकून घेतलं. न कळणारं ऐकावं तसं नव्हे. मग ती स्टूल ओढून बसली, हिच्याकडे पाठ करून, आणि बशीतला पाव कुरतडायला लागली, चवीनं की रागानं ते पाठीवरून कळत नव्हतं. आठ दिवसांनी ती काय सांगेल, तेही.

ही ओट्याशी उभी राहिली. राग शोधला; होता, जागच्या जागी, धगधगीत. पण परक्या माणसावरचा राग सोडून निघून जाता येतं, दार लावून घेता येतं. हा तसला राहिला नव्हता. हा घरातल्या माणसावर येतो तसला होता, ज्याला कुठे जायला जागा नसते... आणि ती पोर आठ दिवसांनी ‘हो’ म्हणाली तर हा जन्मभर आपल्याजवळच राहील, याची हिला भीती वाटली. आणि ‘नाही’ म्हणाली तर — त्याची भीती त्याहून मोठी होती, आणि तिला काय म्हणायचं ते हिला कळेना.