मल्लेशनं उचललेला भंडारा

सिदूच्या नडगीचं हाड मोडलं तो आवाज मी फुटबॉलच्या मैदानाच्या कडेला उभी होते तिथवर आला. वाळली तुराटी मोडावी तसा. माझा धाकटा भाऊ मल्लेश चेंडूकडं बघतच नव्हता. त्यानं सिदूचा पाय हेरला, दोन पावलं मागं सरला आणि उडी घेऊन बुटाचे खिळे नडगीत घातले. हाड कातडी फाडून बाहेर आलं. राज्याच्या संघात एकच जागा उरली होती. ती मल्लेशला मिळाली.

गावानं विचारलं तेव्हा त्यानं अणदूरच्या खंडोबापुढं बेलभंडारा उचलला. "पाय घसरला," म्हणाला. देवाची हळद हातात घेऊन कुणी खोटं बोलत नाही, असं आमच्याकडं धरलेलं. गाव गप्प बसलं. मीही बसले. बावीस वर्षं रविवार निर्जळी केले, पण तोंड उघडलं नाही.

मल्लेश देशाकडून खेळला, पुढं देशाच्या संघाचा प्रशिक्षक झाला. यंदा चैत्रात, रविवारीच, देवळापुढं मांडव घालून त्याचा सत्कार ठेवला. फेटा बांधून तो माईकवर म्हणाला, "मुद्दाम कुणाला लाथ घालायची नाही, एवढंच मी शिकवतो. मी जन्मात घातली नाही."

मागं कुबडी आपटली. सिदू उठला होता.

"लई भारी बोलतूस की मल्लेशा! मग उचल भंडारा परत. दुसऱ्यांदा काय जड जातंय व्हय?"

लोक हसले. "उचला सर, मिटवून टाका एकदाचं," कुणीतरी ओरडलं. पुजाऱ्यानं ताट पुढं केलं. मल्लेशनं हसतच हात घातला.

मी त्याचं मनगट धरलं. "नको रं. एकदा केलंस तेवढं पुरं."

"अक्का, पद जाईल माझं," तो पुटपुटला. "सोड."

"देवाच्या दारात हाईस."

"सोड म्हणतो ना!"

कोपर आलं. खेळात घालायचा तसंच, नेमकं. माझा ओठ फाटला, दात ओंजळीत पडला. ताट उलटलं. सांडलेल्या हळदीवर रक्त ठिबकत होतं. मी तीच हळद आणि बेलाचं पान मुठीत घेतलं.

"म्या बघितलंय. ह्याचा पाय घसरला न्हाय. ह्यानं बघून मारली."

मग माणसं तुटून पडली. सिदूचा भाऊ शंभुलिंग यानं मल्लेशचा फेटा सोडून त्याच्याच गळ्यात आवळला. बुक्क्या, चपला, लोखंडी खुर्ची पाठीत. शंभुलिंगनं मांडवाचा बांबू उपसला. "पाय धरा रं ह्याचा!" चौघांनी धरला. बांबू वर गेला तसा सिदूनं कुबडी टाकली आणि मल्लेशच्या पायांवर आडवा पडला. घाव त्याच्या खांद्यावर बसला.

"त्याचा मोडून मला नवा फुटणार हाय व्हय रं, येड्या? मला त्याच्या तोंडानं ऐकायचंय."

मल्लेशनं तोंडातलं रक्त थुंकलं. "बघून मारली. जागा एकच होती, सिदू."

"ठाव हाय. तुझ्या शेजारीच बसलो होतो की, संघाची नावं वाचून एक जागा उरली तवा."

मल्लेशला घरी आणून मी त्याच्या हातात फोन दिला. "लाव दिल्लीला, संघाच्या हापिसात. तूच सांग."

त्यानं लावला. ओठ सुजलेले, तिकडच्या माणसाला कळेना. मल्लेशला सगळं दोनदा सांगावं लागलं.