बारा सरळ खटके

ठिणगीच्या डोक्यावर लाल टोपी ठेवून डॉक्टर दोन पावलं मागे सरले आणि म्हणाले, "वा! दारात शोभून दिसशील."

शोभून! जिने वर्षभर टेबलाखाली उताणं पडून, सोल्डरिंगचे तापलेले थेंब नाकावर झेलत अख्ख्या रेल्वेचं वायरिंग केलं, तिने आज दारात शोभायचं होतं. ठिणगी हे नावही या खेळण्यातल्या रेल्वेच्या क्लबनेच दिलेलं. पहिल्याच दिवशी तिने मामाची बाही जाळली, तेव्हा. मामा क्लबचा जुना सभासद, त्यानेच तिला इथे आणलं. आणि डॉक्टर म्हणजे क्लबचे अध्यक्ष, दातांचे निवृत्त डॉक्टर. इंजिनाच्या चाकात केस अडकला की ते अजूनही दातांच्या आरशात बघून तो चिमट्याने काढत. इंजिनाला चूळ भरायला सांगायचं तेवढं बाकी असायचं.

वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये टेबलं जोडून एक इवलासा मुलूख उभा होता. दोन स्टेशनं, डोंगर, बोगदा, पूल आणि बोटभर उंचीची माणसं. गाडीला या रुळावरून त्या रुळावर वळवणारे बारा सांधे, आणि दर सांध्याला एक खटका. आज तो मुलूख पहिल्यांदाच लोकांसाठी उघडणार होता.

"पण गाड्या कोण चालवणार?" ठिणगीने विचारलं.

"मी आणि तुझा मामा."

"तुम्हाला खटके पाठ आहेत?"

"अगं, चाळीस वर्षं लोकांचे बत्तीस बत्तीस दात सांभाळलेत. बारा खटक्यांचं काय घेऊन बसलीस?"

ठिणगीने मामाकडे पाहिलं. मामाने खिडकीकडे पाहिलं. खिडकीत काहीही नव्हतं.

दहाला दार उघडलं आणि हॉल भरला. ठिणगी दारात तिकिटं फाडत होती, म्हणजे तिकिटांवर राग काढत होती. मालगाडी निघाली. तिने पुलाच्या अलीकडेच बाजूच्या रुळावर वळायचं होतं. ती सरळ पुलावर गेली. समोरून पॅसेंजर आली. मामाने घाईघाईने वीज तोडली म्हणून बरं, दोन्ही इंजिनं नाकाला नाक लावून उभी राहिली.

"बाई गं!" कुणाची तरी आजी म्हणाली. "यांचं भांडण झालं वाटतं."

डॉक्टरांनी खटके वर केले, खाली केले. पुलावर काही होईना, उलट लांबच्या स्टेशनातले सांधे टकटक हलायला लागले. आणि हात घालून गाडी उचलायची सोय नव्हती. लोक समोर असताना टेबलावर हात न्यायचा नाही, जे करायचं ते खटक्यांनीच, हा क्लबचा नियम. आभाळातून राक्षसाचा पंजा उतरला की त्या मुलुखाचा खरेपणा संपतो, असं डॉक्टरच सगळ्यांना बजावायचे.

डॉक्टरांनी माइक उचलला. "मंडळी, माफ करा. वायरिंग आमच्या एका शाळकरी मुलीने केलंय. काहीतरी चुकलं असणार."

ठिणगीच्या कानांतून वाफा निघाल्या. उरलेली तिकिटं त्या आजींच्या हातात कोंबून ती टेबलाखालून सरपटत, डॉक्टर आणि मामा बसले होते त्या मधल्या मोकळ्या जागेत निघाली. समोर खटक्यांचं पॅनेल. त्यावर ताजा पांढरा रंग आणि एका ओळीत बारा खटके.

"हे कुणी केलं?"

"मी. काल," डॉक्टर म्हणाले. "किती वेडेवाकडे लावले होतेस गं! बघवेना."

वेडेवाकडे होतेच ते! रूळच तसे होते. तिने पॅनेलवर रुळांचा नकाशा काढून जिथे सांधा तिथे खटका लावला होता. डॉक्टरांनी ते उपटून, हाताला आले तसे, कवळीसारखे ओळीत बसवले होते आणि वर एक ते बारा आकडे चिकटवले होते.

ठिणगी टॉर्च घेऊन पॅनेलखाली शिरली. पिवळी वायर बोगद्याची. निळी पुलाची. रंग तिला झोपेतही पाठ होते. वर येऊन तिने आकडे टराटरा सोलले आणि खिशातला काळा मार्कर काढला.

"अगं, रंग! आज सकाळी वाळलाय!"

"वाळलाय ना? मग छान उठेल." आणि तिने ठसठशीत लिहिलं, पूल. बोगदा. मोठं स्टेशन. मग ती डॉक्टरांच्या खुर्चीत बसली. "मामा, वीज दे."

मालगाडी मागे सरली, बाजूच्या रुळावर गेली. पॅसेंजर ऐटीत पूल ओलांडून बोगद्यात घुसली. टाळ्या पडल्या.

"मिटलं गं भांडण," आजी म्हणाल्या.

"शाब्बास!" डॉक्टर म्हणाले. "आता ऊठ, मी बसतो."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"म्हणजे नाही. पाचला दार बंद होईपर्यंत मी इथून हलणार नाही. आणि आधी माइकवर सांगा, वायरिंग चुकलं नव्हतं."

"एवढ्या लोकांसमोर?"

"चुकलं म्हणालात तेही एवढ्या लोकांसमोरच."

मामाने खिडकीकडे पाहिलं, मग खिडकीचा नाद सोडला. "सांगा, डॉक्टर. खरं तर सकाळीच मी बोलायला हवं होतं."

डॉक्टर खाकरले. "मंडळी, वायरिंग बरोबर आहे. खटके मी सरळ केले. काय करणार, जन्माची खोड." हॉल हसला. तेही हसले, जरा वाकडं.

ठिणगीने डोक्यावरची लाल टोपी काढून त्यांच्यापुढे धरली. "दारात कुणीतरी हवंय."

टोपी त्यांना लहान होत होती. ती डोक्यावर नुसतीच ठेवून डॉक्टर टेबलाखालून वाकत, कण्हत दाराकडे निघाले. ठिणगीने खुर्ची पुढे ओढली आणि पुलाचा खटका दाबला.