जळकुकडी सुरई

मित्रांनो, मी एक जुनी सुरई आहे आणि मी जळकुकडी आहे, हे आधीच सांगून टाकते. माझं वय आठशे वर्षं. मी नदीकाठच्या मातीची, भट्टीत भाजलेली, पण झिलई न दिलेली. माझ्या पोटावर वेलीत बसलेले पक्षी उठवले आहेत आणि गळ्यात मातीचीच नक्षीदार जाळी आहे, पाण्यात किडामुंगी जाऊ नये म्हणून.

हातोहात फिरत १९९६ साली मी आखातातल्या उम्म अल कुवैनला आले, एका अरबी मालकाच्या बैठकीच्या खोलीत. सगळे त्यांना 'अरबाब' म्हणत. घराची देखभाल करायला गुहागरचा केरू होता, मूळचा रंगारी. अरबाब त्याला म्हणाले, "केरू, ये पानी का बर्तन है, पानी भरो." तेव्हापासून तो रोज मला भरू लागला. मला बारीक घाम फुटायचा आणि पाणी गार व्हायचं. गच्चीवर एसीची कामं करणारा महादू खाली उतरला की आधी माझ्याकडेच यायचा.

तरी माझं समाधान होतं का? छे! शेजारी एक निळी, झिलईची बरणी होती. तिच्या पोटात पाण्याचा थेंब कधी गेला नाही, टवळी नुसती मिरवायची. पाहुणे आले की तिच्यापुढे थांबून "माशाल्ला, माशाल्ला" करायचे. मला मेलीला कुणी विचारत नसे. माझा अगदी जळफळाट व्हायचा.

ईदला खूप पाहुणे यायचे होते. केरूला माझी कीव आली. "बिचारी किती मळकट दिसते," असं म्हणत त्याने दारांचं उरलेलं वार्निश दोन हात देऊन मला फासलं. मी लखलखले. ईदच्या दिवशी सगळे माझ्यापाशी थांबले, निळीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. किती सुख झालं म्हणून सांगू!

दोन दिवसांनी महादू उन्हातून आला. त्याने एक घोट घेतला आणि भांडं खाली ठेवलं.

"केरू, पाणी तापलंय रे."

केरूने माझ्या पोटावरून हात फिरवला. मी बाहेरून कोरडी ठणठणीत होते. माठाचं पाणी पिऊन वाढलेला माणूस तो, पण रंगाऱ्याच्या हातात ब्रश आला की त्याला चमकवल्याशिवाय राहवत नाही.

"वार्निशने मीच हिची बारीक भोकं बुजवली," तो म्हणाला. "खलास."

मग त्याने बाजारातून एक साधा माठ आणला. ना नक्षी, ना पक्षी. आता महादू सरळ त्याच्याकडे जातो, दोन भांडी पाणी पितो आणि तिथेच जरा टेकतो. निळीचं मला आता काही वाटत नाही. मी जळते ती त्या माठावर.

मित्रांनो, मातीच्या भांड्याला चमकवायला जाऊ नका, त्याला घाम येऊ द्या. आणि तुमच्यापैकी कुणी इकडे आलंच, तर माझं हे वार्निश खरवडून काढा. माझे पक्षी गेले तरी चालतील.