दीपाची ओढणी

टाळ्यांनी कोणाचं भलं होत नाही, हे मैत्रेयीला सातवीतच कळलं.

बोरी अरबजवळच्या त्यांच्या वस्तीत, विहारासमोर, अतुल सरांनी पोरांकडून डेंग्यूवर पथनाट्य करून घेतलं. मैत्रेयी डासीण झाली होती. पाठीला पंख, तोंडाला कागदाची सोंड. "ड्रम झाका, नाहीतर मी आलेच!" म्हणत तिनं अशी उडी घेतली की बायका पदर तोंडाला लावून हसल्या. त्या टाळ्यांच्या भरात पुढचं वाक्य राहूनच गेलं: झाकायच्या आधी ड्रम घासा, आतल्या कडेला डासाची अंडी चिकटलेली असतात. सरही हसत होते. तिला ते घरी जेवताना आठवलं. उद्या सांगू, असं म्हणून बाईसाहेब झोपल्या, आणि तो उद्या काही उगवला नाही.

नळ आठवड्यातून एकदा यायचा, त्यामुळे दारोदार ड्रम. नळ आला तसे सगळ्यांनी ते भरले आणि तोंडं कापडानं बांधून टाकली. सगळ्यांत आधी नलूकाकूनं. गेल्या वर्षी तिची दीपा डेंग्यूनं गेली होती. मैत्रेयीच्याच बाकावर बसायची ती. तेव्हापासून काकू कोणाशी धड बोलत नव्हती.

आठवडा होत आला तेव्हा याच काकूनं मैत्रेयीला रस्त्यातून हाताला धरून अंगणात आणलं. शेजारच्या बायका तिथं बसल्याच होत्या.

"पाह्य, कशी घट्ट बांधली!"

ड्रमावर पिवळी ओढणी होती. मैत्रेयीनं ती लगेच ओळखली.

"दीपाची हाय. पेटीत पडून होती, आता कामाले आली. माह्या रोशनले आता काही होत नाई. तुह्यामुळं, पोरी."

काकूनं गाठ सोडली, पेला बुडवला आणि कौतुकानं तिच्या हातात दिला. पेल्यात दोन अळ्या वळवळत होत्या. काकूचं लक्ष पाण्याकडे नव्हतंच, ती मैत्रेयीच्या तोंडाकडे बघत होती. कित्येक महिन्यांनी हसत होती. बोलावं तर हे हसू जाणार. पळावं तर मनगट काकूनं पुन्हा धरलेलं.

"मलेबी," म्हणत चार वर्षांच्या रोशननं पेला ओढला.

"नको!" मैत्रेयीनं पाणी फरशीवर ओतलं. "काकू, अळ्या हायेत. पहिले घासा, असं मले सांगाचं होतं. मी सांगतलंच नाई."

बायकांतल्या एकीनं उठून आपल्या दारातल्या ड्रमाकडे पाहिलं. काकू ओल्या फरशीकडे बघतच राहिली. तिनं आपल्याला एक थोबाडीत द्यावी, असं मैत्रेयीला फार वाटलं. काकूनं ओढणी काढली आणि ड्रम एकटीनं आडवा केला. उरलंसुरलं पाणी अंगणभर झालं. ओढणी तिनं मैत्रेयीच्या हातात कोंबली.

"घास."

"काकू, हे दीपाची..."

"घास म्हनलं ना!"

मैत्रेयी गुडघ्यांवर बसून ड्रमात शिरली. आत अंधार आणि शेवाळाचा वास. रडू आवरेना, आणि तिचंच रडू चहूबाजूंनी तिच्या कानात घुमत होतं. बाहेर यावं म्हणून ती मागं सरकली, तर पाठीला काकूचा हात लागला.

"बुडापर्यंत घास," काकू म्हणाली. "अजून सारी वस्ती बाकी हाय."