दोन घमेली भूक

रविवार, २१ एप्रिल १९८५. सकाळी साडेदहा वाजता घाटकोपरच्या भटवाडीत काशीराम पालवच्या खोलीतल्या जमिनीनं दोन घमेली माती खाल्ली.

निदान तिथं जमलेल्या शंभरेक माणसांचं तसं म्हणणं होतं. दहा बाय बाराच्या खोलीत मावली तेवढी आत, बाकीची दारात, खिडकीत आणि समोरच्या ओट्यावर. मोरीजवळची एक शहाबादी लादी काढून हातभर लांब, हातभर रुंद, हातभर खोल खड्डा खणला होता. निघालेली माती घमेल्यांनी मोजून बाजूला ठेवली होती. तीच माती, त्याच खड्ड्यात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत परत टाकली. शेवटचं घमेलं रिकामं झालं, तरी खड्डा काठापासून अर्धी वीत खालीच राहिला. बाहेरून आणखी दोन घमेली ओतली तेव्हा कुठे भरला.

चंद्रप्रकाश महाराजांनी डोळे मिटले. "बघितलंत? घर भुकेलं आहे. आज माती खाल्ली, उद्या माणूस मागेल. परदेशात जमिनीची भूक मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही. इथं मी घमेल्यानं मोजतो."

दारातल्या बायकांनी हात जोडले. मालननं जोडले नाहीत, पण तिलाही घाम फुटला होता. घर तिचं होतं.

महाराज घराचं मोल सांगत. खोली विकायची असली की भटवाडीत आधी कागद बघायची पद्धत होती. सहा महिन्यांपासून आधी महाराजांना बोलावायची पद्धत पडली होती. त्यांना घेऊन यायचा तो बाळ कोरगावकर, जागांचा दलाल. परीक्षेची रीत ठरलेली. माती उरली तर घर लाभी, पुरली तर मध्यम, कमी पडली तर भुकेलं. ही रीत जुन्या शास्त्रातली आहे असं महाराज सांगत, आणि एवढं खरंही होतं. सोबत टाळकऱ्यांची आठ जणांची मंडळी असे. दर तीन घमेल्यांना महाराज कळशीभर तीर्थ खड्ड्यात ओतत, मग मंडळीतला एक जाडजूड गडी अनवाणी आत उतरे आणि टाळांच्या ठेक्यावर नाचे. याला भूमिवंदन म्हणत. तीर्थ सात नद्यांचं होतं. भरायला कळशी मात्र चाळीच्या नळावर नेत.

भुकेलं घर ठेवायचं नसतं आणि साध्या माणसाला विकायचंही नसतं, त्याचं पाप लागतं. ते फक्त महाराजांनी मंतरलेलं कवच घेतलेल्या माणसानं घ्यावं. अख्ख्या भटवाडीत असं कवच एकाच माणसाच्या गळ्यात होतं, बाळ कोरगावकरच्या. तो बिचारा लोकांसाठी हा धोका पत्करत असे, निम्म्या किमतीत.

"वहिनी, मला काय हौस आहे?" बाळ मालनला म्हणाला. "उद्या तुमच्या घरात काही झालं तर मला झोप लागणार नाही. पुढच्या रविवारी कागद करून टाकू."

काशीराम मान डोलवत होता. त्याची गिरणी ब्याऐंशीच्या संपात बंद पडली. ती अडीच लाख माणसांची बंद पडली होती, पण महाराजांनी तिचं कारण काशीरामच्या लादीखाली शोधून काढलं. मागल्या वर्षी त्याचा अंगठा चेचला, सासू गेली, कौलांवर माकड पडलं. महाराज एकेक विचारत गेले आणि काशीराम हो हो म्हणत गेला. तीन वर्षांत काही वाईट झालं नाही असं घर भटवाडीत कुठलं असणार, हे कुणी विचारलं नाही.

मालनचा हिशेब साधा होता. पूर्ण भाव आला तर कळव्याला छोटी खोली आणि तिथंच पिठाची चक्की टाकायची. काशीरामला परत मालकाच्या दारात उभं राहावं लागू नये, एवढंच तिला हवं होतं. निम्म्या भावात चक्की नव्हती, खोलीही नव्हती. होती ती मालवणची एस.टी. आणि दिराच्या पडवीतला कोपरा.

शेजारच्या जानकीचं उदाहरण समोर होतं. विधवा बाई. फेब्रुवारीत तिच्या खोलीनं दीड घमेलं खाल्लं. तिनं खोली बाळला दिली आणि ठाण्यापलीकडे दिव्याला भावाकडे गेली. आता त्या खोलीत बाळचा मेव्हणा टी.व्ही. घेऊन राहत होता आणि जमिनीनं त्याला अजून तोंडही लावलं नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी काशीराम कामावरून आला. गिरणी सुटल्यापासून तो एका कंत्राटदाराकडे रस्त्याकडेला केबलसाठी चर खणायचं आणि बुजवायचं काम करी. हातपाय धुताना तो कुरकुरत होता. मुकादम कुंडलिक उरलेली माती उचलायला टेंपो देत नव्हता आणि दुकानदार ढीग दारात ठेवू देत नव्हते.

मालन तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"माती उरता?"

"उरताच. चर बुजवलो तरी कडेक ढीग ऱ्हवताच."

"रोज?"

"रोज."

"मगे त्या रस्त्याक भूक नाय?"

काशीराम पंच्यानं तोंड पुसत होता. पंचा तोंडावरच राहिला. तीन वर्षं हा माणूस दिवसाचे आठ तास खड्डे बुजवत होता. एकदाही माती कमी पडली नव्हती. महाराजांच्या हिशेबानं त्या रस्त्याइतकी लाभी जागा पृथ्वीवर नव्हती, आणि पावसाळ्यात त्याच चरात ट्रकची चाकं रुतत होती.

"खणलेली माती फुगता," तो सावकाश म्हणाला. "पाणी मारून ठोकूक होयी. कुंडलिक ठोकूक देणा नाय, येळ जाता म्हणता."

मालननं फळीवरची गावची पायली काढली. वरून सैल हातानं तांदूळ ओतले, पायली शिगोशीग भरली. मग तिनं पायली चार वेळा जमिनीवर आपटली. तांदूळ दोन बोटं खाली गेले.

"आता ह्या पायलीक भूक लागली," ती म्हणाली. "बोलाव बाळ्याक."

काशीराम हसला नाही. गिरणी का गेली हे तीन वर्षांत त्याला कुणी नीट सांगितलं नव्हतं. महाराजांनी निदान एक कारण दिलं होतं. ते सोडणं त्याला सोपं गेलं नाही. जेवून झाल्यावर त्यानं कोपऱ्यातली कुदळ बाहेर काढली, धार बघितली आणि परत ठेवली. तेवढ्यावरून मालनला कळलं की त्याचं ठरलं.

रविवारी, २८ तारखेला, बाळ स्टँपपेपर घेऊन आला. मालननं त्याला चहा दिला आणि सही करायच्या आधी एकदा परत परीक्षा व्हावी असं म्हणाली. मनाला चुटपुट नको. बाळनं घड्याळ बघितलं. महाराजांची दक्षिणा दुप्पट होईल, म्हणाला. चालेल, म्हणाली. तासाभरात महाराज आले, मंडळी आली आणि मागच्या वेळेपेक्षा जास्त गर्दी आली, कारण यावेळी मालननं स्वतः घरोघरी सांगितलं होतं. मुकादम कुंडलिकलाही बोलावलं होतं. दिव्याहून जानकी आली होती.

काशीरामनं मोरीजवळची लादी सोडून शेजारची काढली. जुन्या, न छेडलेल्या जमिनीत तसाच हातभर खड्डा स्वतः खणला आणि घमेली मोजून रांगेत लावली.

"महाराज, मंडळी गाऊ देत," मालन म्हणाली. "फक्त दाराबाहेरून गाऊ देत. आणि तीर्थ आज नको, मला सर्दी आहे."

"वंदनाशिवाय जमीन तोंड उघडत नाही, बाई."

"नाही उघडलं तर बरंच की. मी तिला जेवायला कुठं बोलावलंय?"

खिडकीतून कुणीतरी खुदकन हसलं. महाराज काही बोलायच्या आत काशीराम घमेली रिकामी करू लागला. एकेक, सैल हातानं, जशी तो रोज चरात टाकतो तशी. खड्डा भरला, वर ढीग झाला, आणि अडीच घमेली तशीच उरली.

मागचे पुढे सरकून उरलेली घमेली मोजू लागले. चंद्रप्रकाश महाराज मात्र मुरलेले होते. त्यांनी दोन्ही हात वर केले. "तृप्त झाली! गेल्या रविवारच्या वंदनानं पोट भरलं तिचं. आता हे घर लाभी आहे."

लोकांनी सुस्कारा सोडला. दोघींनी नमस्कारसुद्धा केला. मालन याचीच वाट बघत होती.

"लाभी ना? महाराजांच्या तोंडचं आहे, सगळ्यांनी ऐकलं. मग बाळभावजी, करा कागद. पूर्ण भावाचा."

बाळनं महाराजांकडे बघितलं. महाराजांनी छताकडे बघितलं.

"तसं नाही वहिनी," बाळ म्हणाला. "एकदा लागलेला दोष..."

"अरे, तुझं कवच निम्म्याच भावात चालतं काय?" कुंडलिक मागून म्हणाला. यावर हशा झाला तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला, कारण मागच्यांना पुढच्यांनी सांगावं लागलं.

काशीरामनं तोच खड्डा परत उपसला. यावेळी दर तीन घमेल्यांना त्यानं चाळीच्या नळाचं पाणी ओतलं, आत उतरला आणि नाचला. त्याला नाचता येत नाही. तो नुसता थयाथया पाय आपटत होता. माती संपली. खड्डा अर्धी वीत रिकामा होता.

"परत लागली भूक," तो धापा टाकत म्हणाला. "तृप्त होऊन अर्धा तास नाही झाला."

मग जे सांगायचं ते त्यानं साध्या शब्दांत सांगितलं, आणि तीन वर्षांत त्याला इतकं बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. खणली की माती मोकळी होते, फुगते. तशीच टाकली तर उरणार. भटवाडीखाली खाणीची कच आणि राख यांचा भराव आहे, तो कोरडाच पडलेला, आत पोकळ. पाणी घालून तुडवला तर होता त्याहूनही खाली बसणार. उरवायची की संपवायची, हे नाचणाऱ्याच्या पायात असतं. घर लाभी ठरवायचं असलं की महाराजांची मंडळी दमलेली असते, एवढंच.

कुंडलिकनं मान हलवली. "ह्यानं सांगितलं ते बरोबर आहे. ओलं करून ठोकायचे पैसे आम्हाला मिळत नाहीत, म्हणून आमचे सगळे रस्ते लाभी आहेत."

महाराज तोवर चपला शोधत होते. टाळकरी आधीच गेले होते. ओल्या मातीत काय ते काशीरामच्या पायांचे ठसे राहिले होते.

जानकी एकटीच हसली नव्हती. ती खड्ड्याशी येऊन बसली. त्या ओल्या मातीला तिनं हात लावला आणि विचारलं, "मग माझी खोली?"

काशीराम कुदळ खाली ठेवून तिच्या शेजारी बसला. घराचं मोल करायचं तर वर बघावं, कौल फुटलंय का. भिंतीला हात लावावा, ओल आहे का. नळाला पाणी किती वाजता येतं, विजेचा मीटर कुणाच्या नावावर आहे, भाडेपावती कुणाची आहे, हे विचारावं. यातलं एकही कळायला डोळे मिटावे लागत नाहीत. आणि कुणी तुमच्या घरातली माती मोजू लागला तर एकदा ती आपल्या हातानं मोजावी. जानकीनं ते केलं नाही, कारण तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं. आणि सांगू शकले असते ते त्या दिवशी दारात हात जोडून उभे होते.

जानकीचा अर्ज पोलीस चौकीत दिलेला आहे. बाळ म्हणतो, सही तिनं राजीखुशीनं केली आणि जमिनीनं माती खाल्ली असं त्यानं कागदावर कुठंच लिहिलेलं नाही. ते खरं आहे. अर्जावर अजून काही झालेलं नाही. चंद्रप्रकाश महाराज मुलुंडला एका चाळीत दिसल्याचं कुंडलिकच्या एका माणसानं सांगितलं. सोबत मंडळी होती आणि एक कळशी.

कमी पडलेली माती काशीरामनं रस्त्याकडेच्या ढिगातून आणली, पाणी मारून नीट ठोकली आणि लाद्या बसवल्या. पूर्वी मोरीजवळची लादी पायाखाली डुगडुगायची, आता डुगडुगत नाही.

मेच्या पहिल्या रविवारी बाळच्या ओळखीबाहेरचं पहिलं गिऱ्हाईक आलं. नीला आणि नंदकिशोर, दोघंही नोकरी करणारी. त्यांनी कौलं बघितली, मीटर बघितला, पावती वाचली, नळाची वेळ विचारली. भावात फारशी घासाघीस केली नाही. निघताना नीला मोरीजवळ थांबली आणि चपलेच्या टोकानं लादी दाबून बघितली.

"इथंच का ते?"

"इथंच," मालन म्हणाली. तिनं दारामागची कुदळ काढून पुढे केली. "खणून बघता? माती तुम्हीच मोजा."

नीला ओशाळून हसली. गुरुवारपर्यंत कळवतो, म्हणाली.

गुरुवारी दिवेलागणीपर्यंत निरोप आलेला नव्हता. कुदळ दारामागेच आहे.