निळी गिटार आणि जालिंदरचं मीटर

जालिंदरची एक खोड मला मुळीच खपत नाही. विचारते मी आणि उत्तर तो देतो माझ्या लेकाच्या तोंडाकडं बघून. नात्यानं पुतण्या, नांदूरघाटात साउंडचं दुकान, कमरेला पट्ट्यात मीटर अडकवलेलं. म्हणून काय चुलती नुसती चहापुरती?

भीमजयंतीच्या आदल्या दिवशी सकाळीच मी त्याला बोलावलं. गिटार दाखवायची होती. मांडीवर आडवी घेऊन, तारांवरून लोखंडी कांडी सरकवत वाजवतात ती, विजेवरची. माझ्या मालकांनी औरंगाबादच्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राकडून आणलेली. तीस वर्षं गायन पार्टीत ते ती वाजवायचे आणि मी त्यांच्या मागं कोरसला बसायचे. ते गेल्यावर ती माझ्या लेकीनं, मायानं, मांडीवर घेतली. यंदा जयंतीसाठी नवनाथनं, माझ्या लेकानं, तिला निळा ऑइलपेंट मारून चकचकीत केली. मीच म्हणाले होते, झकास दिसते. आणि नेमकी आता ती बोलेना. कमिटीचं म्हणणं, संध्याकाळपर्यंत बोलली तर ठीक, नाहीतर उद्या कीबोर्डवाला बसेल आणि माया कोरसला.

जालिंदरनं वायर जोडली. स्पीकरातून नुसतं घूंऽऽ, पिठाची गिरणी लावल्यासारखं. मायानं तार छेडली तर सूर विहिरीच्या तळातून आल्यागत.

"अबे नवनाथ, पिकअप गेलं हिचं," जालिंदर म्हणाला. "तारांखाली ते काळं डबडं हाय ना, त्यात केसावानी तारंचं वेटोळं आस्तंय. जळलं. आता ही काकाच्या फोटोपाशी ठेवा, हार घाला. कीबोर्डात गिटारीचा बी आवाज हाय."

"जळलं म्हणून तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"काकू, तुमाला न्हाई कळायचं त्यातलं." हेही नवनाथकडं बघूनच!

शाळेत मी दुसरीपर्यंत गेले. सही येते, एसटीची पाटी वाचता येते. पण त्या गिटारीच्या मागं तीस वर्षं बसलेय. लाइट कमी-जास्त झाली की ती घुंई करायची, मग मालक तारांवर नुसता तळहात टेकवायचे की गप. मी पुढं सरकले, तळहात टेकवला. घूं काही थांबेना.

"बघ. हात ठिवला की ही गप व्हायची. आज व्हईना. जळलं बिळलं काय न्हाई. माझा हात तिला पोचत न्हाई."

जालिंदर हसला. "काकू, ती काय म्हैस हाय, हात फिरवला की गप ऱ्हायला?"

"म्हैस आस्ती तर तुला गोठ्यात पाय ठिवू दिला नस्ता. ते मीटर काढ. डबड्याच्या दोन वायरींना लाव."

"कावून? माझ्या कानाला कळतंय की."

"मग कमरेला कावून बांधलंय? दागिना हाय का?"

माया तोंडाला पदर लावून हसली. जालिंदरनं तोंड वाकडं करत स्क्रू काढले, पत्र्याची पट्टी सैल केली आणि मीटरच्या दोन सुया टेकवल्या. आकडा आला. त्यानं सुया पुसून परत टेकवल्या. तोच आकडा.

"काय म्हणतंय?" मी विचारलं.

"सात हजाराच्या वर दावतंय." आवाज एकदम बारीक.

"म्हंजी?"

"म्हंजी... वेटोळं तुटलेलं न्हाई. पिकअप चांगलं हाय."

मी पट्टी हातात घेतली. आवाजाचं बटण आणि वायर खुपसायचं भोक, दोन्ही त्याच पट्टीत. उलटी केली, तर खालून निळीशार! तारा सैल करून, त्या अडकवतात तो पत्राही उचलून बघितला. त्याच्या पोटात निळा, त्याच्याखाली जी उघडी वायर असते तिच्यावरही निळा.

जयंतीच्या आधी आमच्या गल्लीत जे सापडेल त्याला निळा लागतो. चौकटी, पाण्याची टाकी, एका वर्षी तर माझ्या सासऱ्याची काठी. पण इतकं पोटातून कुणी रंगवलं नव्हतं.

"आई, वरून एक आन् आतून एक, बरं दिसत न्हाई ना," नवनाथ पायाच्या अंगठ्याकडं बघत म्हणाला. "लई मन लावून दोन हात मारले."

"अर्थिंग!" जालिंदर ओरडला. "नवनाथ, हिचं अर्थिंग पत्र्यातूनच जातंय बे! रंगानं अडवलं!"

परत नवनाथ. मी सुरी आणली, भोकाभोवतीचा रंग खरवडला, मग तारांच्या पत्र्याचं पोट, मग ती उघडी वायर, पांढरं लोखंड चमकेपर्यंत. जालिंदरनं स्क्रू पिळले, मायानं तारा परत सुरात ताणल्या. मी तळहात टेकवला.

गप.

मायानं कांडी ठेवली आणि सूर असा लांब, वर चढत नेला की मालकांना मामा म्हणणारी शेजारची मंगल ओट्यावरून ओरडली, "मामा वाजवायलेत का काय!" माझा तळहात तारांवरून कधी निघाला मलाच कळलं नाही.

जालिंदर वायर गुंडाळत म्हणाला, "नवनाथ, मला वाटलंच व्हतं, अर्थिंगच आसणार."

"जालिंदर," मी म्हणाले, "हिकडं बघ. त्याच्याकडं न्हाई, माझ्याकडं. जित्या गिटारीला तू हार घालाया निघालतास, मीटर कमरंला आस्ताना. उद्या माया वाजवणार. तू स्टेजखाली मशिनीपाशी बस. आन् कुटं घूं झालं तर नवनाथला हाक मारायची न्हाई. मी कोरसच्या पयल्या ओळीत हाय. वर यायचं, माझ्या तोंडाकडं बघायचं, आन् मला इचारायचं."