कोणाला चालते?

मी एक जुना संगणक आहे. अमरावतीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत कोपऱ्यातल्या टेबलावर बसतो. माझ्या पेटीचे एक झाकण केव्हाच हरवले, त्यामुळे माझा पंखा, तारा आणि त्यांवरची धूळ सर्वांना दिसते. समोर साहेबांचा चंदेरी लॅपटॉप असतो. तो दिवसभर मेल उघडतो आणि स्वतःला संगणक म्हणवतो.

माझे काम वेगळे आहे, मित्रांनो. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला कळेल अशा रूपात उतरवून देतो, तो कंपायलर. नवा कंपायलर सर्वांना देण्याआधी कच्चा असतो. असा कच्चा कंपायलर आधी माझ्यात भरतात, मग माझी ऑपरेटिंग सिस्टिम बदलतात आणि दोघांचे जमते का ते पाहतात. पुष्कळदा जमत नाही. मी मध्येच बंद पडतो, मग मला पूर्ण पुसून पहिल्यापासून भरतात. कौतुक कोणी करत नाही. जत्रेत पाळणा आधी रिकामा फिरवून पाहतात, त्या फेरीला कोणी टाळ्या वाजवतो का?

वरूडच्या पंजाबरावांकडे संत्री निवडायचे यंत्र आहे. कॅमेरा फळ मोजतो आणि ते मोठ्यांत टाकायचे की बारकांत, हे आमच्या कंपनीचा प्रोग्रॅम ठरवतो. बागवाले तिथे माल आणतात. फळ ज्या ढिगात पडेल, त्या ढिगाचा भाव त्यांना मिळतो.

ऐन आंबिया बहराची संत्री उतरत असताना त्या यंत्राची सिस्टिम बदलायची ठरली. जुना कंपायलर नव्या सिस्टिमवर उघडेना, म्हणून कच्चा वापरायचा होता. चाचणी घेणाऱ्या हर्षाने नव्या सिस्टिमसह तो माझ्यात भरला. कंपायलरने तक्रार केली नाही. प्रोग्रॅम तयार झाला, उघडलाही. मग तिने मला संत्र्यांची छायाचित्रे दिली. मुठीत न मावणारी फळेसुद्धा मी बारकांत टाकली. कच्च्या कंपायलरच्या चुकीमुळे कॅमेऱ्याचा आकडा प्रोग्रॅम चुकीच्या जागेवरून वाचत होता.

तेवढ्यात गजेंद्र साहेब फोन कानाला लावून आले. फोनवर पंजाबराव होते.

“हर्षा, चालते का?”

“उघडते सर, पण सगळी संत्री बारीक दाखवून राह्यलं.”

“उघडते ना? मंग झालं. बारीक-मोठं मागून पाहू. सध्या चालते.” आणि फोनमध्ये म्हणाले, “पंजाबराव, चालते!”

मित्रांनो, या एका शब्दाचा मला फार तिटकारा आहे. यंत्र नीट काम करते, तेव्हाही आपण ‘चालते’ म्हणतो. बिघाड आहे, पण आपल्याला त्याचे काही नाही, तेव्हाही ‘चालते’च म्हणतो. साहेबांनी दुसरे म्हटले. पंजाबरावांनी पहिले ऐकले.

“सर, काहून सांगता त्यांले असं? उद्या लोकायचा माल येनार!”

“तुह्या त्या डब्ब्यातच खराबी हाये. फेकून दे तो.”

 हर्षाने साहेबांच्याच लॅपटॉपवर तीच सिस्टिम, तोच कंपायलर आणि तीच छायाचित्रे चालवली. चंदेरी महाराजांनीही प्रत्येक संत्रे बारकांत टाकले, तेही माझ्यापेक्षा जास्त वेगाने.

“पाह्य! त्या डब्ब्याच्या संगतीनं हाही बिघडला,” साहेब म्हणाले. त्यांनी कंपायलरचे शिक्षण घेतलेले आहे, हे मला आवर्जून सांगितले पाहिजे.

शेवटी हर्षाने स्वतः पंजाबरावांना फोन लावला.

“काका, सिस्टिम बदलू नका. ‘चालते’ म्हंजे आमाले चालते. तुमाले नाई चालनार. मोठं फळही बारकात जाईन.”

 पंजाबराव म्हणाले, “बरं झालं सांगतलं, पोरी. मी बटन दाबूनच राह्यलो होतो. राहू दे जुनंच. गजूभाऊले म्हना, एक दिवस इथं येऊन संत्री हातानं निवड, मंग सांग चालते का.”

दुसऱ्या दिवशी वरूडला मोठी फळे मोठ्यांत पडली. आमच्याकडे मात्र साहेबांनी मला टेबलावरून उतरवून जमिनीवर, रद्दीशेजारी ठेवले. हर्षा आता खाली वाकून माझी कळ दाबते.

मित्रांनो, यंत्रे पुसून ठेवा, ते चांगलेच आहे. पण धुळीने आम्ही मरत नाही. आम्ही ‘नाही’ म्हणतो आणि तुम्ही पुढे ‘हो’ सांगता, तेव्हा आमचे काम संपते. आमचे उत्तर शेवटपर्यंत वाचा. ते वाचायचे नसेल, तर आम्हाला विजेला जोडूच नका.